पाऊस झाला की इलेक्ट्रिक गाडी ‘रेडी’ होत नाही, सर्व्हिस सेंटर म्हणतंय पाणी शिरलं, वॉरंटी नाही: आमच्या गाडीत काय निघालं

आधी ज्यांची गाडी आत्ता दारात मरून पडलीय त्यांच्यासाठी. बॉनेट उघडून नारंगी केबलला हात लावू नका, कनेक्टर काढून फुंकर मारू नका, हेअर ड्रायर तर अजिबात नको, त्यात तीनशेच्या वर व्होल्ट डीसी असतात आणि बारा व्होल्टची बॅटरी सोडवली म्हणून ते लगेच जात नाहीत. बारा व्होल्टच्या बॅटरीला मात्र मीटर लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ च्या आसपास दाखवलं तर ती ठीक, १२ च्या खाली असेल तर पहिल्यांदा तीच चार्ज करा, कारण ती लहान बॅटरी झोपली की मोठी फुल असून पण गाडी उठत नाही, स्क्रीनवर दहा दिवे नाचतात, आणि बाहेर पाऊस पडत असला की सगळ्यांचं एकच सुरू होतं, पाणी शिरलं, पाणी शिरलं. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या एका शेजाऱ्याची गाडी अशीच टो करून नेली, आठ दिवस बिचारा रिक्षानं फिरला आणि शेवटी निघाली ती बारा व्होल्टची बॅटरी.

आमची भानगड तेवढ्यावर मिटली नाही.

गाडी २०२३ च्या दसऱ्याला घेतली. आमचं यार्डात हळदीचं दुकान, रोज विश्रामबाग ते यार्ड आणि आठवड्यातून दोनदा तासगाव, एवढाच वापर. २०२४ चा अख्खा पावसाळा गेला, काही नाही. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस लागला ते आठवत असेल सगळ्यांना, तेव्हापासून सुरू झालं. रात्री मुसळधार पाऊस झाला की सकाळी बटण दाबल्यावर ‘इन्सुलेशन फॉल्ट’चा मेसेज, लाल दिवा, गाडी रेडी होत नाही. मग दोन दिवस ऊन पडलं की काहीच झालं नाही असं दाखवत गाडी मस्त चालते. मेच्या शेवटी एकदा, जूनमध्ये दोनदा. सर्व्हिस सेंटरला नेईपर्यंत गाडी बरी झालेली, तिथला ॲडव्हायजर गाडीत साठलेला फॉल्टचा कोड पुसून परत देणार आणि वर सांगणार की सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आता येणार नाही. जुलैत भर पावसात बंद पडली तशीच टो करून नेली, आणि चौथ्या दिवशी फोन, की सर बॅटरी पॅकमध्ये, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या डब्यात, पाणी गेलंय, हे वॉरंटीत बसत नाही, साडेसात लाखांचं एस्टिमेट पाठवतोय.

बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, गाडी चाललेली २३ हजार. मी दुकानात तराजूशेजारी उभा होतो, गिऱ्हाईक समोर, आणि मला पाच मिनिटं काय बोलायचं तेच सुचेना.

आता हा फॉल्ट म्हणजे काय ते मला कंपनीच्या माणसानं नाही, माधवनगर रोडच्या मोटर वायंडिंगवाल्या मामांनी सांगितलं. आपल्याकडं नदीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याला मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, माहीत असतो. पाणबुडी मोटर वर काढली की वायंडिंगवाला एक पिन कॉपरला आणि एक बॉडीला लावून बघतो, काटा पडला की म्हणतो मोटरला अर्थ आलाय, म्हणजे करंट बॉडीत उतरतोय. इलेक्ट्रिक गाडीत हेच काम गाडी स्वतः करत असते. हाय व्होल्टेजची वायरिंग गाडीच्या बॉडीपासून पूर्ण वेगळी ठेवलेली असते, प्लस पण नाही आणि मायनस पण नाही, आणि मध्ये किती ओहम, म्हणजे किती अडथळा, आहे ते गाडी मोजत राहते. ते कमी झाले की कोड पडतो, बऱ्याच गाड्यांत तो पी०एए६ असतो, आणि गाडी सुरूच होत नाही. नियमात हिशोब व्होल्टमागे ओहम असा आहे: डीसी बाजूला व्होल्टमागे किमान १००, मोटरची एसी बाजू (म्हणजे एसी करंटची, थंड हवेच्या एसीची नाही) त्याला जोडलेली धरली की ५००. आमची गाडी ३२० व्होल्टची, ५०० नं धरलं तर १६० किलोओहम झाले. त्याच्या खाली गेलं की गाडी रुसली. म्हणजे हा कोड फक्त एवढंच सांगतो की कुठंतरी अर्थ मारतंय. कुठं, ते सांगत नाही. बॅटरीत असेल, मोटरमध्ये असेल, एसीच्या कंप्रेसरमध्ये असेल, हीटरच्या कनेक्टरमध्ये असेल.

मामा चहा पीत एवढंच म्हणाले, “आरं सुकलं की बरं हुतंय ना? मग पाणी आत साठलेलं नाय. येतंय आणि जातंय. पेटीत पाणी साठलं असतं तर दोन दिवसाच्या उन्हानं गेलं असतं व्हय?” सर्व्हिस सेंटरच्या चार दिवसांच्या तपासणीत हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. पॅक सील असतो, वर साधारण आयपी ६७ असं लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून चाचणी केलेली असते. अशा डब्यात पाणी गेलंच तर ते आपणहून बाहेर येत नाही. (आयपी ६७ म्हणजे सगळं चालतं असं पण नाही, ती चाचणी नव्या डब्याची, उभ्या पाण्यातली. प्रेशर वॉशरचा फवारा ही वेगळी गोष्ट आहे, बॉनेट उघडून आत फवारा मारू देऊ नका कुणाला.)

दुसरी एक खूण मी स्वतः बघितली होती, पण तिचा अर्थ नंतर कळला. बटण दाबल्यावर सुरुवातीला काही येत नव्हतं. गाडीखालून खट् असा आवाज येतो तो कॉन्टॅक्टरचा, म्हणजे बॅटरी बाकीच्या गाडीला जोडली गेली, आणि त्यानंतर पाच-दहा सेकंदांनी दिवा यायचा. खट् व्हायच्या आधीच फॉल्ट येत असेल तर बॅटरीच्या आत संशय घ्यायला जागा आहे, खट् नंतर येत असेल तर बहुतेक वेळा बाहेरच्या कुठल्यातरी भागात. शंभर टक्के नियम नाही, गाडीगणिक मोजायची पद्धत वेगळी असते, पण मोबाईलवर त्याचा आवाजासकट व्हिडिओ काढून ठेवा, पुढं लय कामाला येतो.

मग मी सर्व्हिस सेंटरला गेलो आणि विचारलं, पाणी कुठून गेलं ते दाखवा. मॅनेजरनं पहिलाच प्रश्न टाकला, “तुमच्याकडं पूर येतो ना?” एमएच १० नंबर बघितला की झालं. आता सांगलीत पूर येतो हे काय लपवायचं आहे का, २००५, २०१९, २०२१, सगळं महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलंय, २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण पुलाला ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, पाणी पहिल्यांदा सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर अशा सखल भागात येतं, आमच्या गल्लीत २०१९ ला पण आलं नव्हतं आणि गाडी तर २०२३ ची. पुरावा म्हणून त्यांनी काय दाखवलं, तर पॅकच्या खालच्या पत्र्यावर लागलेल्या चिखलाचे फोटो. पावसाळ्यात तासगाव भागातनं फिरणाऱ्या गाडीच्या पोटाला काळी माती नाही लागणार तर काय गुलाल लागणार?

गाडी पाण्यात उभी होती की नाही हे कळायच्या साध्या खुणा असतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पाण्यात बुडालेल्या गाडीच्या बेल्टवर आतल्या भागात गाळाची रेघ असते. सीटच्या खालच्या रुळात, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात, दिव्यांच्या आत गाळ बसतो, पुराचा गाळ धुऊन पूर्ण जात नाही हे सांगलीकराला सांगायला नको. मी तिथंच त्यांच्यासमोर चारही बेल्ट ओढून फोटो काढले. स्वच्छ. फक्त डाव्या बाजूचं, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं, आणि ते पण वरून, बॉनेटकडच्या बाजूनं. खालून पाणी आलं असतं तर मागचं कार्पेट कोरडं आणि पुढं वरचा भाग ओला असं कसं होईल, म्हणजे वळचणीचं पाणी आढ्याला गेलं म्हणायचं. मॅनेजर म्हणाला बाहेरून रिव्हर्स कॅमेरा बसवलाय तुम्ही, त्यामुळं वॉरंटी तशीही जाते. कॅमेरा मागच्या दारात, पाणी पुढच्या दरवाज्याशी. मी फक्त म्हणलं, हे जॉब कार्डवर लिहून द्या, की कॅमेऱ्यामुळं फॉल्ट आलाय. लिहिलं नाही.

पॅक उघडू नका असं मी लेखी दिलं आणि गाडी टो करून घरी आणली. घरच्यांना वाटलं डोकं फिरलंय याचं.

रविवारी सकाळी ऊन होतं. वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याला जी काळी प्लास्टिकची जाळी असते, तिला काउल म्हणतात, काचेवरचं सगळं पाणी त्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या मागं खाली निघून जातं. आमची गाडी कडुलिंबाखाली उभी असते. आण्णा म्हणाले, पन्हाळ तुंबली असणार, आधी ती बघ, आणि आतनं पितळी तांब्या घेऊन आले. जाळीच्या उजव्या कोपऱ्यात एक तांब्या ओतला, दोन सेकंदात चाकामागून भळाभळा खाली. डाव्या कोपऱ्यात ओतला, काही नाही. दुसरा ओतला, काही नाही, पाणी वर दिसायला लागलं. तिसऱ्या तांब्याला आतून गुळगुळ आवाज आला आणि पाणी चाकामागून येण्याऐवजी बॉनेटच्या आत, मागच्या पत्र्यावरून उतरायला लागलं. टॉर्च मारला. पाण्याची धार सरळ एका नारंगी कनेक्टरवर पडत होती, आणि त्याच्याशेजारी जिथं जाड केबल पत्र्यातून आत केबिनमध्ये जाते तिथलं रबर एका बाजूनं दुमडलेलं, बोटाएवढी फट.

हात लावला नाही, व्हिडिओ काढला. काठीनं डाव्या भोकातला गाळ ओढला तर मूठभर निघाला, निंबाच्या काड्या, पानं, काळा लगदा, आणि त्यात चक्क एक प्लास्टिकची क्लिप, जाळी बसवायची असते तसली, मोडकी.

आता ती क्लिप तिथं कशी गेली? तेव्हा आठवलं. एप्रिलमध्ये एसी थंड करत नव्हता म्हणून कूलिंग कॉइल याच सर्व्हिस सेंटरनं वॉरंटीत बदलली होती. त्यासाठी काउल काढावी लागते, हीटरचा कनेक्टर सोडवावा लागतो, रबर बाहेर ओढावं लागतं. एप्रिलचं जॉब कार्ड कपाटात होतं, त्यात तारीख, किलोमीटर, केलेलं काम सगळं लिहिलेलं. एप्रिलच्या आधीचा पूर्ण पावसाळा गाडीला काही झालं नाही, एप्रिलनंतरच्या पहिल्याच पावसात फॉल्ट. कडुलिंबाच्या पाल्याचा दोष माझा, तो मी मान्य केला, दर पंधरा दिवसाला जाळी साफ करायला पाहिजे होती. पण पन्हाळ तुंबली तरी पाणी फार तर खाली सांडलं असतं, कनेक्टरच्या आत आणि केबिनमध्ये नसतं गेलं.

दुसऱ्यांदा गाडी नेली तेव्हा पावसाची वाट बघितली नाही, त्यांच्यासमोर पाणी ओतून फॉल्ट आणून दाखवला. आणि एकच मागणी, पॅक वेगळा करून मेगर मारा आणि बाकीची गाडी वेगळी मारा, दोन्ही आकडे जॉब कार्डवर. कोडसोबत फ्रीझ फ्रेम म्हणून माहिती साठलेली असते, फॉल्ट आला तेव्हा किती किलोमीटर, किती व्होल्ट वगैरे, त्या स्क्रीनचा पण फोटो मागा, पुसायच्या आधी. टेक्निशियन पोरगं कवठेमहांकाळकडचं होतं, चांगलं होतं, मॅनेजर चहाला गेल्यावर म्हणालं, काका मला पण पॅक वाटत नव्हता पण वरून प्रेशर होतं. त्यानं रबरी हातमोजे घालून, हाय व्होल्टेज तोडायचा सर्व्हिस प्लग काढून, थांबून, नियमानं केलं. पॅक एकटा ४ मेगाओहमच्या वर. बाकीची गाडी ७० किलोओहम. मग एकेक काढत गेला, कंप्रेसर काढला, ७०. चार्जर काढला, ७०. हीटरचा कनेक्टर काढला, आकडा सरळ २ मेगाच्या वर उडाला. कनेक्टर उलटा केला तर आतून दोन थेंब पडले आणि पिनांच्या मुळाशी हिरवट गंज. सील अर्धंच बसलेलं.

साडेसात लाखांची बॅटरी, आणि निघालं काय तर एक कनेक्टर.

यावरून तुम्हाला एक सांगतो, ‘पाणी शिरलं’ हे निदान नाही, ते फक्त वाक्य आहे. कुठून शिरलं, किती शिरलं, कुठल्या भागाचा आकडा पडला, या तिन्हीचं उत्तर लेखी आल्याशिवाय कशावरही सही करू नका. सही करावीच लागली तर शेजारी ‘मान्य नाही, हरकत राखून’ असं आपल्या अक्षरात लिहा. पॅक उघडलाच आणि आत ओलावा दिसला तरी तो पावसाचाच आहे का ते विचारा, ज्या गाड्यांत बॅटरी लिक्विड कूलिंगची आहे तिथं कूलंट आतल्या आत गळू शकतं, त्याला रंग असतो, चिकट लागतं, आणि ते गळणं म्हणजे तुमची चूक नाही. आणि एसीत गॅस भरताना पण जपा, हाय व्होल्टेज कंप्रेसरला वेगळं तेल लागतं, साध्या गाडीचं तेल त्याच मशीनमधून आत गेलं तर पाण्याचा थेंब नसताना हाच फॉल्ट येतो.

वॉरंटी आणि इन्शुरन्स यांच्यात चेंडू कसा फिरतो ते पण बघितलं मी. सर्व्हिस सेंटर म्हणालं बाहेरचं पाणी आहे, इन्शुरन्सला जा. इन्शुरन्सवाल्यांना फोन केला तर म्हणाले घटना कधी झाली, तारीख सांगा, आणि हळूहळू झिरपलेलं असेल तर ते आमच्यात नाही, कंपनीकडं जा. दोघांचं म्हणणं आपापल्या कागदावर बरोबरच असतं, त्यामुळं पाण्याची वाट सापडल्याशिवाय दोन्हीकडं आपण उघडे पडतो. खरोखर पुराचं किंवा रस्त्यावर तुंबलेलं पाणी असेल तर क्लेम इन्शुरन्सचाच, पॅकेज पॉलिसीत पूर येतो, पण बॅटरी, रबर, प्लास्टिकला ५० टक्के घसारा कापतात, आणि झिरो डेप (घसारा न कापायचं जादा कव्हर) घेतलेलं असलं तरी मोठी बॅटरी त्यात धरलीय का हे मेलवर विचारून ठेवा. आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर येऊन बघायच्या आधी गाडी उघडू देऊ नका, उघडल्यावर मग कुणी काय केलं ते कुणालाच सिद्ध करता येत नाही.

गाडी खरंच बुडाली असेल तर सुरू करून बघायचा मोह नको, चार्जरला तर लावूच नका, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट फोटो काढा, सपाट ट्रकवर चढवूनच न्या, चाकं फिरवत ओढू नका. आणि तपासणी होईपर्यंत घराला चिकटून किंवा बंद शेडमध्ये ठेवू नका, ओली बॅटरी काही दिवसांनी पण पेट घेऊ शकते.

माझं भांडण कोर्टापर्यंत गेलं नाही, पण तयारी केली होती आणि त्या तयारीनंच काम झालं असं वाटतं. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी पुण्यात असो नाहीतर चेन्नईत. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची. दोष आहे की नाही हे नुसतं बघून ठरत नसेल तर आयोग वस्तू लॅबला तपासणीसाठी पाठवू शकतो. त्याच्या आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, त्या तक्रारीचा नंबर मेलमध्ये लिहिला की समोरून येणाऱ्या उत्तराची भाषा बदलते. मी एकच मेल केला, लांबलचक नाही, एप्रिलचं जॉब कार्ड, तांब्याचा व्हिडिओ, मेगरचे आकडे, आणि तीन ओळी.

आठव्या दिवशी उत्तर आलं, हीटरचा हार्नेस (वायरिंगचा जुडगा), रबर, काउल सगळं फुकट बदलू. पण कागदावर शब्द बघा, ‘गुडविल’. वॉरंटी नाही. फरक असा की गुडविल म्हणजे आम्ही चूक मान्य केलेली नाही, तुमच्यावर उपकार केले, पुढच्या वेळी करूच असं नाही. मी वॉरंटी लिहा म्हणून अडून बसलो, तर पार्ट वॉरंटीत लिहिले आणि लेबर ४,२०० लावलं. दुकान उघडायचं होतं, हरकत लिहून भरले. टोचे दोन वेळचे पैसे अजून मागतोय, दर सोमवारी एक मेल.

गाडी आता निंबाखाली लावत नाही. आण्णांनी पितळी तांब्या परत देवघरात ठेवू दिलेला नाही, तो गॅरेजच्या खिळ्याला लटकतोय, आणि पाऊस थांबला की ते स्वतःच जाऊन दोन्ही कोपऱ्यात एकेक ओततात. परवा रात्रभर धो धो पडला. सकाळी डावीकडून पाणी उजवीकडच्यापेक्षा जरा सावकाश आलं, म्हणून दुपारी परत जाळी काढलीय.